गावातलं म्हातारपण आणि देखभालीचे तास

गावातल्या वृद्धांचा विषय निघाला की बोलणं हमखास डॉक्टर, औषधं आणि अँब्युलन्सवर जातं. दवाखाना जवळ नाही, ही तक्रार खरीच आहे. पण ज्या घरात कुणी तीन-चार वर्षं अंथरुणाला खिळून आहे, त्या घरात डॉक्टर लागतो तो महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. बाकीचे सगळे दिवस प्रश्न वेगळेच असतात. सकाळी उठवून कमोडवर कोण बसवणार? अंघोळ कोण घालणार? दुपारी घरातले कामावर गेले की पाणी कोण पाजणार? रात्री दोन वाजता ओली चादर कोण बदलणार? या कामांनी कुणी बरं होत नाही, म्हणून त्यांना उपचार म्हणत नाहीत. पण ती झाली नाहीत तर माणूस बघता बघता खंगतो.

दीर्घकालीन देखभाल म्हणतात ती हीच. शरीराची किंवा बुद्धीची ताकद कायमची उणावलेल्या माणसाला जमेल तितकं स्वतःच्या मर्जीने आणि मानाने जगता यावं, यासाठी दुसऱ्यांनी रोज करायची कामं. आजारपणाला शेवट असतो: माणूस बरा होतो किंवा जातो. ही देखभाल मात्र किती वर्षं चालेल हे कुणी सांगू शकत नाही, आणि वर्षागणिक ती वाढत जाते. म्हणून ती खाटांमध्ये किंवा गोळ्यांमध्ये मोजून भागत नाही, तासांमध्ये मोजावी लागते. रोज किती तास, कोणत्या वेळी आणि कुणाचे, एवढं कळलं की या विषयातलं बरंचसं कोडं सुटतं. गावात ते जास्त अवघड का होतं, तेही कळतं.

कामं दोन जातींची

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये एक साधी मोजपट्टी मांडली. माणूस किती स्वावलंबी आहे हे ठरवायला त्यांनी सहा गोष्टी निवडल्या: अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. त्यांच्या लक्षात आलं की या क्षमता साधारण ठरलेल्या क्रमाने सुटतात. अंघोळ सर्वांत आधी, जेवण सर्वांत शेवटी. सुधारणा झालीच तर ती उलट्या क्रमाने होते.

१९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी दुसरी यादी केली. तिच्यात फोन वापरणं, खरेदी, स्वयंपाक, घर आवरणं, कपडे धुणं, प्रवास, औषधं वेळेवर घेणं आणि पैशांचा व्यवहार अशी आठ कामं आहेत. ही कामं जास्त गुंतागुंतीची, त्यामुळे बहुतेकांच्या बाबतीत ती पहिल्या यादीच्या आधी सुटतात. गोळ्यांचं पाकीट भरलेलंच सापडणं किंवा एकच बिल दोनदा भरलं जाणं, ही पुढच्या देखभालीची बरीच आधी मिळालेली सूचना असते.

दोन्ही याद्या जगभर वापरल्या जातात. पण गावाच्या संदर्भात त्यांच्यातली सीमारेषा मला फार महत्त्वाची वाटते. दुसऱ्या यादीतली कामं शेजारीपाजारी करतात. कुणी औषध आणून देतं, कुणी बँकेत सोबत जातं, कुणी गाडीवरून दवाखान्यात सोडतं. पहिल्या यादीतली कामं शेजारी करत नाहीत, आणि यात त्यांच्या माणुसकीचा प्रश्न नाही. ज्याच्याशी चाळीस वर्षं बरोबरीच्या नात्याने उठबस केली, त्याच्याकडून शौच साफ करून घ्यायला म्हाताऱ्या माणसालाच लाज वाटते. शेजाऱ्यालाही अवघडल्यासारखं होतं. गाव जितकं लहान आणि ओळख जितकी जुनी, तितका हा संकोच मोठा.

‘गावात माणसं एकमेकांना सांभाळून घेतात’ हे वाक्य म्हणूनच अर्धंच खरं आहे. धोरणं आखणारे मात्र ते पूर्ण खरं धरून चालतात. गावात सेवा कमी दिली तरी चालेल, तिकडे माणसं आहेत, असा हिशेब होतो. माणसं असतात, पण ती त्या रेषेच्या अलीकडे थांबतात. पलीकडचं सगळं घरातल्या एकाच व्यक्तीवर येऊन पडतं, आणि ती व्यक्ती बहुधा बाई असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, जगभरात स्मृतिभ्रंश झालेल्यांना घरच्या माणसांकडून जी देखभाल मिळते, तिच्यातले सुमारे ७० टक्के तास बायकांचे असतात. तरुण पिढी कामासाठी शहरात गेलेल्या गावांत तर ऐंशीच्या नवऱ्याचं सगळं पंचाहत्तरीची बायको करते. तिचेही गुडघे दुखत असतात.

एक कूस बदलण्याचं काम

बाहेरून किरकोळ दिसणारं एक काम जवळून बघू. जो माणूस स्वतः हलू शकत नाही, त्याच्या माकडहाडावर, नितंबाच्या बाजूंना आणि टाचांवर शरीराचा भार सतत पडतो. दाबामुळे तिथल्या कातडीला रक्त पोचत नाही आणि काही तासांत जखमेची सुरुवात होऊ शकते. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची पद्धत आहे. माणसाची कातडी आणि गादी बघून हे अंतर कमी-जास्त करतात.

कूस बदलताना ओढायचं नसतं. ओढलं की वरची कातडी चादरीला चिकटून राहते, आतलं मांस सरकतं आणि जखम आतून सुरू होते. पलीकडचा गुडघा दुमडायचा, एक हात खांद्यामागे, दुसरा कमरेमागे, आणि आपल्याकडे वळवायचं. पूर्ण कुशीवर नाही. पाठीमागे उशी लावून थोडंसं तिरकं ठेवायचं. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी. पोटऱ्यांखाली एक घडी, म्हणजे टाचा गादीला टेकत नाहीत. मग कातडी बघायची. लाल झालेल्या जागी बोट दाबून सोडल्यावर लाली गेली नाही, तर जखम सुरू झाली असं समजायचं. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, तिथे हात लावून गरमपणा किंवा कडकपणा तपासावा लागतो.

सराव असेल तर हे दहा मिनिटांचं काम. दिवसातून बारा वेळा धरलं तर दोन तास झाले. त्यात अंघोळ किंवा अंग पुसणं, तीन वेळा भरवणं, कपडे-चादरी आणि औषधं घाला. ढोबळ हिशेबाने पाच-सहा तास प्रत्यक्ष हात चालतात, आणि उरलेल्या वेळात हाकेच्या अंतरावर असावं लागतं. रात्रीच्या चार फेऱ्यांनी झोपेचे तुकडे होतात ते वेगळंच. हे कुणी शिकवलेलं नसेल तर कंबर धरते, जखमा होतात, आणि मग त्या जखमेसाठी दूरच्या दवाखान्यात खेपा सुरू होतात. इथे पाच मिनिटं हात धरून शिकवणारी परिचारिका महागड्या गादीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

अंतर तास खातं

आता गावाचा खास प्रश्न. घरोघरी जाऊन अंघोळ घालणारी, अंथरूण-पांघरूण बघणारी पगारी सेविका आहे असं धरू. दिवसाचे आठ तास काम, एका घरी पाऊण तास. दाट वस्तीत दोन घरांमध्ये दहा मिनिटं लागत असतील तर तिची आठ घरं होतात. विरळ वस्तीत मधला प्रवास चाळीस मिनिटांचा झाला की पाच-सहाच. पगार तोच, श्रम जास्त आणि वर प्रवासाचा खर्च. सेवेचे पैसे भेटींच्या संख्येवर दिले जात असतील, तर दुर्गम भागात कोणतीही संस्था टिकत नाही, आणि सेविकाही तालुक्याच्या किंवा शहराच्या जवळचं काम पकडते. जपानने डोंगराळ आणि दुर्गम भागांतल्या सेवेला जादा दर ठेवला आहे तो याचसाठी.

दुसरी अडचण आकड्यांचीच, पण उलट बाजूने. लहान गावात प्रत्येक प्रकारची गरज असते, पण थोडी थोडी. पूर्णवेळ फिजिओथेरपिस्ट ठेवावा इतकं काम नाही, दिवसा चालणाऱ्या केंद्रात रोज येतील इतकी माणसं नाहीत, वृद्धाश्रम चालवावा इतक्या खाटा भरत नाहीत. शहरासाठी आखलेली, प्रत्येक सेवेला वेगळी इमारत आणि वेगळा माणूस अशी रचना इथे आणली की ती कोसळते.

तिसरी गोष्ट प्रवासाची, आणि ती म्हाताऱ्या माणसाच्या बाजूची. शहरात गाडी चालवणं सुटलं तरी कोपऱ्यावर बस मिळते. गावात गाडी सुटली किंवा थांब्यापर्यंत चालणं सुटलं की दुकान, बँक, दवाखाना आणि मित्र हे सगळं एकाच दिवशी बंद होतं. पहिल्या यादीतली सहाही कामं स्वतः करणारा माणूस निव्वळ या कारणाने घरात अडकतो, आणि अडकला की पाय आणखी सुटतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांचं मांसल वजन सुमारे एक किलोने घटलं. गावातल्या म्हाताऱ्यांसाठी वाहनाची सोय करणं ही चैन नव्हे, ते देखभालीचे पुढचे तास वाचवणं आहे.

पैसा कोण देतो

देखभालीचा खर्च विचित्र असतो. काहींना ती मरेपर्यंत लागतच नाही, काहींना दहा वर्षं लागते, आणि कुणाच्या वाट्याला काय येईल हे आधी कळत नाही. अशा जोखमीवर विमा हा सरळ उपाय. नेदरलँड्सने १९६८ मध्ये सर्वांसाठी तसा कायदा लागू केला. जर्मनीत सक्तीचा देखभाल विमा १९९५ पासून, जपानमध्ये २०००पासून, दक्षिण कोरियात २००८ पासून आहे.

जपानमध्ये वयाच्या चाळिशीपासून हप्ता भरावा लागतो. हप्त्यांतून निम्मा पैसा येतो, निम्मा करांतून. पासष्टीनंतर गरज पडली की तपासणी होते आणि सात पायऱ्यांपैकी एक ठरते. पायरीप्रमाणे सेवांची मर्यादा मिळते आणि खर्चाचा दहावा हिस्सा स्वतः भरायचा, उत्पन्न जास्त असेल तर आणखी. तिथे मिळते ती सेवा. घरच्यांच्या हातात रोख रक्कम येत नाही. जर्मनीत निवड आहे: सेवा घ्या किंवा त्याहून कमी असलेली रोख रक्कम घेऊन घरीच करा. घरी देखभाल करणाऱ्यांच्या पेन्शनचा हप्ताही ठरावीक अटींवर विमा भरतो. ही शेवटची तरतूद मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. आई-वडिलांसाठी नोकरी सोडणारी मुलगी स्वतःच्या म्हातारपणी रिकाम्या हाताने राहू नये, याचा विचार त्यात आहे.

रोख की सेवा, हा वाद गावात वेगळा रंग घेतो. जपानमधल्या महिला संघटनांनी रोख रकमेला विरोध केला होता. पैसे हातावर ठेवले की सून-मुलगी त्या कामाला कायमची बांधली जाईल, अशी त्यांची भीती होती, आणि ती रास्त होती. पण जिथे सेवा देणारी संस्थाच पोचत नाही, तिथे विम्याचं कार्ड नुसतं कपाटात पडून राहतं. हप्ता भरतो पण सेवा मिळत नाही, ही तक्रार जपानच्या विरळ वस्तीतूनही आली. माझं मत असं की गावात रोख रक्कम द्यावीच, पण तिच्याबरोबर ठरलेली सुट्टीही द्यावी: दर आठवड्याला काही तास आणि वर्षातून काही दिवस पगारी माणूस येऊन सगळं करेल आणि घरची व्यक्ती मोकळी होईल. सुट्टीशिवाय दिलेली रक्कम हा कमी पगारात चोवीस तासांचा करार ठरतो.

कुठे काय जमलं

चीनच्या हेबेइ प्रांतातल्या फेइश्यांग भागात २००८ मध्ये एका गावाने वापरात नसलेली शाळेची इमारत दुरुस्त केली आणि एकटे राहणारे वृद्ध तिथे एकत्र राहू लागले. इमारतीचा, वीज-पाण्याचा खर्च गावाचा, जेवणखाण मुलांकडून, आणि तुलनेने धडधाकट म्हाताऱ्यांनी जास्त थकलेल्यांना मदत करायची. ही पद्धत पुढे बरीच पसरली. स्वस्त आहे, एकटेपणा जातो. पण प्रवेश असतो तो स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांना. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरीच परतावं लागतं. फ्रान्समध्ये टपाल खातं २०१७ पासून पैसे घेऊन पोस्टमनला म्हाताऱ्यांच्या घरी विचारपूस करायला पाठवतं. रस्ता त्याचा रोजचाच, त्यामुळे प्रवासाचा वेगळा खर्च नाही. कल्पना छान आहे, मात्र पोस्टमन अंघोळ घालत नाही. दोन्ही प्रयोग त्याच रेषेशी येऊन थांबतात.

रेषा ओलांडणारी उदाहरणं तीन सांगतो. केरळात, विशेषतः मलप्पुरम जिल्ह्यात, शेजारच्या स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं आणि २००८ मध्ये राज्याने त्यासाठी धोरण केलं. तिथे गावातला स्वयंसेवक एकटा जात नाही. त्याला प्रशिक्षण मिळतं, त्याच्यासोबत किंवा पाठीशी परिचारिका असते, जखमा धुणं आणि लघवीची नळी बदलणं ती करते, आणि स्थानिक स्वराज्य संस्था पैसे देतात. थायलंडमध्ये दहा लाखांवर ग्रामआरोग्य स्वयंसेवक आधीपासून होते. अंथरुणाला आणि घराला खिळलेल्या वृद्धांसाठी २०१६ मध्ये वेगळा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्याच मनुष्यबळातून काहींना जास्त शिकवून मानधनावर नेमलं गेलं, आणि प्रत्येकाची देखभाल ठरवायला एक प्रशिक्षित व्यवस्थापक ठेवला. ओळखीचं माणूस शिकलेलं, मानधन घेणारं आणि नेमलेलं असलं की दोन्ही बाजूंचा संकोच बराच ओसरतो. ते उपकार राहत नाहीत, काम होतं.

तिसरं उदाहरण पुन्हा जपानचं. २००६ मध्ये तिथे एक लहान, बहुउपयोगी केंद्र मान्य झालं. जास्तीत जास्त २९ जणांची नोंदणी. तीच जागा, तीच माणसं: दिवसा केंद्रात येता येतं, गरज पडली तर तीच सेविका घरी येते, आणि घरचं माणूस आजारी पडलं तर तिथेच काही रात्री राहता येतं. महिन्याला ठरावीक रक्कम. एकाच छोट्या चमूला तिन्ही प्रकारची कामं मिळाल्याने ‘गरज थोडी थोडी’ हा गावाचा अडसर दूर होतो. स्मृतिभ्रंश झालेल्यांना तर चेहरे न बदलणं हाच मोठा आधार वाटतो.

स्मृतिभ्रंशाबद्दल एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. हातपाय धड असलेला असा माणूस कॅट्झच्या यादीत जवळपास पूर्ण गुण मिळवतो. स्वतः अंघोळ करतो, स्वतः जेवतो. पण गॅस चालू ठेवतो, रात्री दार उघडून चालायला लागतो. त्याला हातांची मदत कमी आणि नजर जास्त लागते, आणि नजरेचे तास कोणत्याही तपासणीत सहज सुटून जातात. जपानच्या सुरुवातीच्या मोजणीवर हीच टीका झाली होती. अर्ज भरताना किंवा कुणी तपासायला आलं असताना ‘तसं त्यांचं ते करतात’ असं सांगून मोकळं होऊ नये. किती वेळ एकटं सोडता येतं, ते सांगावं.

घरापुरतं काय करता येईल

तास लागायच्या आधी ते लांबवता येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासणीत एक सोपी कसोटी आहे: हात छातीशी धरून खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं, १४ सेकंदांत. जमलं नाही तर पायांची ताकद घटते आहे. व्यायाम, नीट आहार आणि डोळ्यांची तपासणी यांना तेव्हा खरा अर्थ असतो. अंथरुणापासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रभर दिवा, ओल्या जागी पकडायला दांडी, वाटेतल्या सतरंज्या काढून टाकणं, एवढ्याने कितीतरी पडणं टळतं.

तास सुरू झाले असतील तर एक कागद घ्या. आडवे सात दिवस, उभे चोवीस तास. प्रत्येक रकान्यात त्या वेळी काय लागतं आणि ते कोण करतं याचं नाव लिहा. शेजारी, नातेवाईक, फोनवरून विचारपूस करणारा शहरातला मुलगा, सगळ्यांना त्यात जागा द्या, पण ज्यांनी हो म्हटलं आहे त्यांनाच. बहुतेक घरांत एकच नाव शंभराहून जास्त रकान्यांत येतं. ते बघितल्यावर भावंडांमधली बोलणी आरोपांवरून कामावर येतात. जो दूर आहे त्याने रात्रीच्या माणसाचे पैसे द्यावेत, औषधांची जबाबदारी घ्यावी, नाहीतर वर्षातले ठरावीक आठवडे येऊन राहावं. सही, बँक आणि उपचारांचे निर्णय कुणी घ्यायचे हेही याच बैठकीत, म्हातारं माणूस शुद्धीत आणि समोर असताना, लिहून घ्यावं.

आणि एका गावातल्या दहा घरांनी असे कागद केले, तर ते एकमेकांशेजारी ठेवावेत. सकाळी सात ते दहा या वेळेत सगळीकडे अंघोळीचे रकाने अडलेले दिसतील. त्या तीन तासांसाठी दोन शिकलेल्या, पगारी सेविका लागतील की तीन, आणि कोणती घरं एका फेरीत बसतील, हे त्या कागदांवरून काढता येतं. ग्रामसभेत मागणी करताना ‘वृद्धांसाठी काहीतरी करा’ या अर्जापेक्षा हा हिशेब जास्त चालतो.